शिंगातली हवा

शिवनेरीच्या पायथ्याला, ओझरच्या देवळाबाहेर, लेण्याद्रीच्या पायऱ्यांशी आणि भीमाशंकरला खाली उतरताना एकच दुकान लागतं. मालक वेगवेगळे असतात, दुकान मात्र एकच. तारेला लटकलेल्या कीचेन, गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवायचा गणपती, राजमुद्रेचा बिल्ला, जिरेटोपातले महाराज, इंचभर तलवार, पाऊण इंच वाघनखं. आपण वस्तू समोरून बघतो, किंमत ऐकून दचकल्याचं नाटक करतो, "शंभरला दोन द्या" म्हणतो आणि घेतो. ती उलटी करून कुणी बघत नाही. बघावी. मागची बाजू बहुतेक वेळा सपाट निघते आणि कडेने एक केसाएवढी रेघ गोल फिरलेली असते. ही वस्तू दोन रबरी चकत्यांच्या मधून जन्माला आली, याची ती खूण. महाराज पुढून कितीही देखणे असले, तरी कडेची शिवण सुटत नाही.

ही उलटं करून बघण्याची खोड मला भाच्याने लावली. डिप्लोमा झाल्यावर चाकणला त्याने काही वर्षं दुसऱ्याच्या गाड्यांचे भाग मोजले. मग एक दिवस नोकरी सोडून तो मंचरजवळच्या घरी परत आला. त्याच्याबरोबर टेम्पोतून एक यंत्र आलं. मालाडला इमिटेशन दागिन्यांच्या एका गाळ्यातून त्याने ते जुनं उचललं होतं. माझ्या बहिणीला आधी ते कपडे धुण्याचं यंत्र वाटलं. गोल पिंप, वर झाकण, आत फिरणारी तबकडी. तिला आनंद झाला. पुढे त्यात वितळलेलं जस्त ओततात हे कळल्यावर तिने दोन दिवस अबोला धरला. कारखान्याला जागा हवी होती आणि कांद्याची बखार रिकामी होती. भाव पडल्यामुळे त्या वर्षी कांदा साठवण्यासारखा उरलाच नव्हता. महाराष्ट्रातल्या लघुउद्योगांचा इतिहास लिहील त्याने पडलेल्या कांद्याला एक प्रकरण जरूर द्यावं.

कृती अशी. मळलेल्या कच्च्या रबराच्या दोन जाड गोल चकत्या घ्यायच्या. खालच्या चकतीवर मूळ नमुने गोलाकार मांडायचे. दोन्ही चकत्या पुढे नेमक्या जागेवर बसाव्यात म्हणून कडेला नट रोवायचे. मधे शंखजिऱ्याची पूड भुरभुरायची, नाहीतर दोन्ही चकत्यांचा कायमचा संसार होतो. वर दुसरी चकती ठेवून लोखंडी कड्यात घालायचं आणि गरम प्रेसखाली दीडशे अंशांच्या आसपास तासभर दाबून ठेवायचं. रबर आधी मऊ होऊन नमुन्याच्या कानाकोपऱ्यात शिरतं, मग तिथेच पक्कं होतं. कथलासाठी काळं रबर चालतं. जस्ताची उष्णता त्याला सोसत नाही, त्यासाठी महागडं सिलिकॉन. चकत्या उघडून नमुने काढले की साचा तयार. मग धारदार कटरने मधल्या भोकापासून प्रत्येक खाचेपर्यंत धातूला यायला वाट कोरायची. साचा यंत्रात बसवून मिनिटाला काहीशे फेऱ्यांनी फिरवायचा आणि मधल्या भोकात पळीने धातू ओतायचा. पुढचं काम फिरकी करते. माळशेज घाटात एसटी वळली की खिडकीकडचा प्रवासी जसा शेजाऱ्याच्या वजनाखाली चेपला जातो, तसा धातू बाहेरच्या बाजूला चेपला जातो आणि वाटेत दिसेल त्या भोकात घुसतो. मिनिटा-दोन मिनिटांत यंत्र थांबवायचं, साचा उकलायचा. मधे धातूचा एक देठ आणि त्याच्या भोवती गोल लागलेले बैल, गणपती नाहीतर तलवारी.

उद्घाटनाला एक माजी पदाधिकारी आले. आमच्या भागात यंत्राला वीज नसली तरी चालते, उद्घाटक लागतो. त्यांनी हार घातला, फीत कापली आणि नारळ हातात घेऊन नेमका वितळलेल्या धातूच्या भांड्याच्या कडेवर फोडायला उचलला. भांड्यात चारशे अंशांवरचं जस्त. त्यात पाण्याचा थेंब पडला तर त्याची क्षणात वाफ होते आणि ती वाफ वरचा धातू घेऊन छतापर्यंत उडते. भाचा "साहेब!" म्हणून असा ओरडला की साहेबांनी नारळ सोडूनच दिला. तो माझ्या पायाशी पडला आणि फुटला नाही. साहेबांच्या आजवरच्या कारकिर्दीत उद्घाटनाला न फुटलेला हा पहिलाच नारळ. ते नंतर भाषणात म्हणाले, "तरुणांनी उद्योगात उडी घ्यावी." भाच्याने भांड्यावर झाकण ठेवलं.

पहिली मोठी ऑर्डर बैलगाडा शर्यतीची आली. शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली होती. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने ती कायम केली. एवढी वर्षं कोंडलेली हौस जुन्नर-आंबेगावच्या घाटांत जी सुटली, ती अजून थांबलेली नाही. इथे घाट म्हणजे डोंगरातला रस्ता नाही. इथे घाट म्हणजे गाडे पळवायची चढाची धावपट्टी. गावोगावच्या यात्रेत गाड्यांच्या बाऱ्या सुटतात, सेकंदांचा हिशेब होतो, 'घाटाचा राजा' ठरतो आणि राजाला करंडक लागतो. करंडकावर बैल लागतो. बैलाला शिंगं लागतात.

तिथेच घोडं अडलं. पहिल्या ओतीला एकाही बैलाला शिंगं आली नाहीत. गाडामालक आबा बघायला आले होते. त्यांनी बैल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला.

"ही शेळी हाय का?"

"बैल हाय आबा. शिंगं भरली नाहीत."

"माझ्या बैलाची भरलेली हायेत."

दोष धातूचा नव्हता, हवेचा होता. धातू मधल्या भोकातून धावत येतो तेव्हा खाच रिकामी नसते, तिथे हवा बसलेली असते. रुंद जागेतून ती निसटते. शिंगाच्या टोकाला मात्र ती अडकते आणि धातूला पुढे येऊ देत नाही. शिंगात हवा भरलेली असली की पुढे काही शिरत नाही, हे गावच्या राजकारणात सर्वांना माहीत होतं, पण भाच्याला ते रबरात शिकावं लागलं. उपाय म्हणजे शिंगाच्या टोकापासून साच्याच्या कडेपर्यंत केसभर रुंदीची वाट कोरायची, म्हणजे हवेला बाहेर पडता येतं. शिवाय दर ओतीआधी शंखजिरं लावायचं, त्याच्या कणांमधून हवा सरकते. असं केल्यावर शिंगं टोकदार आली. आणि शिंगं आत वळलेली असूनही बैल साच्यातून सुखरूप बाहेर पडला, कारण रबर वाकतं. लोखंडी साच्यातून असला बैल शिंगं मोडल्याशिवाय निघाला नसता. भाच्याने नेमकं रबर का निवडलं, हे बहिणीला त्या दिवशी पटलं. अबोला मात्र एका दिवसाने वाढला, कारण पळी तिच्या स्वयंपाकघरातली होती.

आबांचं समाधान तरीही झालं नाही. त्यांच्या बैलाचं डावं शिंग जन्मापासून जरा बाहेर झुकलेलं आहे. ते तसं करंडकावर यावं का, असं भाच्याने विचारलं तेव्हा आबा विचारात पडले. "हुबेहूब पाहिजे," ते म्हणाले, "पण शिंग सरळ कर." या धंद्यात प्रत्येक गिऱ्हाइकाची मागणी हीच असते. हुबेहूब, फक्त थोडं बरं.

अष्टविनायकांची ऑर्डर वरकरणी या यंत्रासाठीच जन्माला आलेली वाटते. आठ गणपती, गोल साचा, मधोमध धातू. भाविकाला आठही ठिकाणं करायला दोन दिवस गाडीत बसावं लागतं. इथे आठही देव मिनिटाला पाचशे प्रदक्षिणा घालून हातात येतात. पण एका बाजूला वजन जास्त झालं की फिरताना साचा थरथरतो आणि यंत्र बखारभर चालत सुटतं, म्हणून समोरासमोरचे नमुने सारख्या वजनाचे लागतात. भाच्याने तसे मांडले. शेजारच्या दादांनी चष्मा लावून साचा पाहिला आणि हरकत घेतली. शास्त्रोक्त क्रम मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव. तुमच्या साच्यात रांजणगाव लेण्याद्रीच्या आधी कसं? भाच्याने निमूटपणे शास्त्रोक्त मांडणी केली, तेव्हा लेण्याद्री बरोबर सिद्धटेकच्या समोर आला. आता लेण्याद्रीचा गिरिजात्मज खडकात कोरलेला. शिल्पकाराने नमुन्यात देवाबरोबर मागचा थोडा डोंगरही घेतला होता. सिद्धटेकच्या सडपातळ, उजव्या सोंडेच्या गणपतीला तो डोंगर झेपेना. यंत्र तालावर उड्या मारू लागलं. शेवटी सिद्धटेकच्या गणपतीचं आसन जाड केलं. तुमच्या डॅशबोर्डवर सिद्धिविनायक इतरांपेक्षा ऐसपैस बसलेला दिसला, तर त्यामागे कसलंही माहात्म्य शोधू नये. तो लेण्याद्रीचा डोंगर तोलतो आहे.

लेण्याद्रीच्या दुकानदाराची वेगळीच अडचण. तिथली माकडं वस्तूची पारख करून निर्णय घेतात. प्रसादाचा पुडा घेऊन पळतात, चष्मा घेऊन पळतात. भाच्याचा गणपती एका माकडाने उचलला, चावून पाहिला आणि परत ठेवला. दुकानदाराने हा अनुभव तक्रार म्हणून सांगितला. भाच्याने तो गुणवत्तेचा दाखला म्हणून घेतला.

भीमाशंकरसाठी घंटेची कीचेन करायचं ठरलं. देवळापुढची ती प्रसिद्ध परदेशी घंटा वसईच्या स्वारीतून चिमाजीअप्पांनी आणली असं सांगतात, आणि ओझरच्या शिखरावरचं सोनंही त्याच विजयानंतरचं म्हणतात. वसई पडली १७३९ मध्ये. बरोबर शंभर वर्षांनी, १८३९ मध्ये, अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने रबर आणि गंधक यांचं मिश्रण तापवलं आणि ते वितळण्याऐवजी पक्कं झालं. भाच्याचा सगळा धंदा त्या घटनेवर उभा आहे. म्हणजे घंटा आणि साचा यांच्यामध्ये नेमकं एक शतक. हा योगायोग मी भाच्याला मोठ्या उत्साहाने सांगितला. तो म्हणाला, "मामा, घंटा वाजत नाही."

वाजणार कशी? घंटेला कासं लागतं, तांब्यात साधारण पाचवा हिस्सा कथील. ते वितळायला जेवढी आच लागते तिच्या निम्म्या आचेलाच रबराचा कोळसा होतो. रबराला झेपतो तो धातू मऊ, आणि मऊ धातूचा नाद येत नाही, ठप्प असा आवाज येतो. आपल्याकडच्या ओतारी लोकांनी पिढ्यान् पिढ्या बैलांच्या घंटा, घुंगरं मातीच्या साच्यात ओतली ती काही हौस म्हणून नाही, मातीला आच सोसते म्हणून. नारायणगावच्या तमाशात पायात बांधतात ती घुंगरं भाच्याच्या यंत्रातून निघाली असती, तर तमाशासम्राज्ञी विठाबाईंच्या गावाला मूक तमाशाचा शोध लागला असता. भीमाशंकरला यात्रेकरू आता ती घंटा कानाशी धरून हलवतात. मग दुसऱ्या कानाशी धरून हलवतात. मग घेतात. भक्ती तपासणी करते, पण निकालावर अडून बसत नाही.

बिबट्या चालला नाही. जुन्नर तालुका पर्यटन तालुका झाल्यावर भाच्याला वाटलं, इथली ओळख म्हणजे बिबट्या. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, उसात बिबटे आहेत, बातमीत बिबटे आहेत. त्याने प्लॅस्टिकचा केला. त्याची रीत निराळी. दोन पातळ द्रव मोजून एकत्र ढवळायचे आणि फिरत्या साच्यात ओतायचे, की काही मिनिटांत आपोआप घट्ट होतात. विस्तव नाही, धूर नाही, बहीण खूश. पण ठिपके काही साच्यातून येत नाहीत, ते रंगवावे लागतात. रंगवायला बसलेल्या पोरांनी पहिले दहा मन लावून रंगवले. पुढच्या शंभरांत ठिपके कमी कमी होत गेले आणि शेवटी निघाली ती मांजरं. ती पुण्या-मुंबईच्या लोकांनी तरी घेतली. गावातल्या एकानेही घेतली नाही. एक शेतकरी म्हणाला, "रात्री मोटार चालू करायला जातो तव्हा खरा फुकट दिसतो. इकत कशाला?"

शिवजयंतीने धंदा तारला. शासकीय जयंती १९ फेब्रुवारीला, तिथीप्रमाणे फाल्गुन वद्य तृतीयेला. या दोन तारखांवरून माणसं एकमेकांशी बोलेनाशी झालेली मी पाहिली आहेत. भाचा मात्र दोन्ही बाजूंचा कट्टर समर्थक आहे. दोन जयंत्या, दोन ऑर्डरी. त्यात २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले आणि त्यांत शिवनेरी आला, तेव्हापासून बाराही किल्ल्यांची कीचेन मागतात. इंचभर जागेत बारा किल्ले बसवल्यावर साल्हेर कुठला आणि सुवर्णदुर्ग कुठला हे किल्लेदारालाही ओळखता आलं नसतं. सगळ्यांत अवघड राजमुद्रा. आठ कोनांत एवढी अक्षरं, आणि बारीक वेलांट्यांत तीच शिंगातली हवा. आणखी एक गंमत माझ्या ध्यानात आली. कागदावर सुलट उमटावा म्हणून शिक्का कोरतात उलटा. आपल्या बिल्ल्यावर मजकूर सुलट असतो. म्हणजे छातीवर लावलेल्या या राजमुद्रा जर खरोखर कुणी कागदावर उमटवल्या, तर सगळे हुकूम आरशात वाचावे लागतील. बिल्ला लावणाऱ्यांच्या मोटारसायकलींचा आवाज पाहता, हुकूम वाचायची वेळ येईल असं वाटत नाही.

एकदा एक गृहस्थ शिवराई नाणी मागायला आले. जुनी दिसणारी, हिरवट, झिजलेली. भाच्याने त्यांना समजावलं. खरी शिवराई तांब्याची, ठशाखाली घाव घालून पाडलेली. आपण ओतणार जस्त, वर तांब्याचा मुलामा. वजन कमी भरेल, कडेला शिवण राहील. जाणकार एका नजरेत ओळखेल. गृहस्थ शांतपणे म्हणाले, "ओळखणारे घेत नाहीत आणि घेणारे ओळखत नाहीत." बाजारशास्त्राच्या जाड पुस्तकांत एवढं नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही. भाच्याने नाणी केली, पण मागे ठळक अक्षरात 'प्रतिकृती' असं कोरलं. गृहस्थ परत आले नाहीत.

तसा हा तालुका नाण्यांना नवखा नाही. जुन्नर हे सातवाहनांच्या काळातलं भरभराटीचं शहर. नाणेघाटात दगडी रांजण आहे, तो जकातीचा म्हणतात. सातवाहनांची पुष्कळ नाणी शिशाची आणि हलक्या मिश्रधातूची होती. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तकात भडोचला उतरणाऱ्या मालात तांबं, कथील आणि शिसं आहे. तेलंगणातल्या कोंडापूरला त्या काळातले नाण्यांचे मातीचे साचे मिळाले आहेत. म्हणजे परक्या मुलखातून धातू आणायचा, साच्यात ओतायचा आणि त्यावर राजाचं नाव टाकून खपवायचं, हा धंदा दोन हजार वर्षं जुना आहे. सातवाहनांकडे फक्त फिरणारं रबर नव्हतं. बहिणीने शिशाला बखारीत पाऊल ठेवू दिलेलं नाही, तिच्या घरात लहान मूल आहे आणि शिसं पोटात गेलं तर काय होतं हे तिने वाचलं आहे. सातवाहनांना अशी बहीण नव्हती.

फिरण्याचा विषय निघालाच आहे तर खोडदचं नाव घेतलं पाहिजे. नारायणगावजवळ तिथे जगप्रसिद्ध महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तीस तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची. सेकंदाला शेकडो गिरक्या घेणारे मेलेले तारे तिथे ऐकतात. भाच्याने त्या दुर्बिणीचीही कीचेन केली, पण जाळीदार तबकडीतली सगळी भोकं धातूने भरून गेली आणि हातात आली ती छत्री. पावसाळ्यात माळशेजला ती बरी खपली.

आणि मग आली नक्कल.

या भागात नक्कल हा शेतीचाच भाग आहे. एकाचा टोमॅटो पिकतो आणि २०२३ च्या जुलैसारखा भाव येतो, की पुढच्या हंगामात नारायणगावच्या बाजारात उभं राहायला जागा उरत नाही. तेच द्राक्षाचं, तेच कांद्याचं. रबरात नक्कल याहून सोपी. बाजारातला बैल विकत आणायचा, कच्च्या रबरात दाबायचा, झाला साचा. शिल्पकाराला पैसे देणं नाही, आबांची शिंगावरून बोलणी खाणं नाही. फक्त निसर्गाने एक दंड ठेवला आहे. धातू थिजताना आकसतो, रबरही भाजून निघताना आकसतं. नकलेतून काढलेली नक्कल मुळापेक्षा एक-दोन टक्क्यांनी लहान भरते. तिची नक्कल आणखी लहान. म्हणून माप घेतलं की बैल कितव्या पिढीतला ते सांगता येतं. पंचांग लागत नाही, व्हर्नियर पुरतो.

यात्रेच्या तोंडावर एक दुकानदार खिशातून बैल काढत आला. "असाच पाहिजे, पण दहा रुपयांनी कमी." भाच्याने बैल हातात घेतला. डाव्या मागच्या पायाशी त्याच्या कटरची जुनी चूक तशीच उमटली होती. रबर चुकाही इमानाने उतरवतं. त्याने माप घेतलं. बैल वितीशी तुलना करण्याएवढा मोठा कधीच नव्हता, आता मिलिमीटरभर आणखी कमी होता.

मला वाटलं, आता हा पोलिसांत जाणार. निदान शिवी तरी देणार. त्याने बैल तराजूवर ठेवला, आपला मूळ बैल शेजारी ठेवला, कागदावर काहीतरी गुणाकार केला.

"हा ठेवून जाता का?" त्याने दुकानदाराला विचारलं. "याला धातू कमी लागतो."

त्याच संध्याकाळी चोरीचा बैल प्रेसखाली गेला. यात्रेला तिसऱ्या पिढीचे बैल करंडकांवर चढले. आबांचा गाडा पुन्हा पहिला आला. त्यांनी करंडक घेतला, सवयीने डोळ्यांजवळ नेला आणि शिंगं तपासली. दोन्ही सरळ, दोन्ही भरलेली. मग त्यांनी बैलाच्या पोटावरून अंगठा फिरवला.

"शिंगं बरी हायेत," आबा म्हणाले. "पण बैल आवंदा उतरलाय. पेंड कमी पडली का?"

"उन्हाळा हाय, आबा," भाचा म्हणाला.